पाखरांची नोंदवही

(डॉ. सालिम अली हे भारतातील थोर पक्षिशास्त्रज्ञ होते. देशातील सर्व पक्ष्यांची शास्त्रशुद्ध नोंद करण्याच्या कामी त्यांनी आपले आयुष्य वेचले. या पाठात त्यांच्या जीवनाची आणि कार्याची ओळख करून दिली आहे.)

मुलांनो, तुमच्या गावात किती प्रकारचे पक्षी आहेत, असे कोणी विचारले तर तुम्ही काय उत्तर द्याल? कोल्हापूर जिल्ह्यातील जयसिंगपूरचेच उदाहरण घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने वसवलेले हे गाव. गावात रेल्वे स्टेशन आणि बाजारपेठ, भोवती उसाचे मळे, आणि थोड्या अंतरावर नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम. इथल्या एखाद्या मुलाने पक्ष्यांची यादी करायला घेतली, तर कावळा, चिमणी, साळुंकी, पोपट, कबुतर ही नावे तो एका दमात लिहील. मग त्याला शेतातला बगळा आठवेल, तारेवर बसणारा वेडा राघू आठवेल, नदीकाठचा खंड्या आणि झुडपात शिरणारा भारद्वाज आठवेल. वीस-पंचवीस नावे झाली की पेन थांबेल. पक्षी मात्र संपलेले नसतील.

पुढे आणखी अडचणी येतील. धोबी पक्षी हिवाळ्यात येतो, शेपटी वरखाली हलवत पाण्याच्या काठाने फिरतो आणि उन्हाळ्यात निघून जातो. त्याला गावचा म्हणायचे की पाहुणा? सुगरणीचा नर पावसाळ्यात पिवळाधमक दिसतो. अंडी-पिल्लांचा हंगाम संपला की तोच मादीसारखा मळकट तपकिरी होतो. ज्याला हे ठाऊक नाही, तो एका पक्ष्याचे दोन पक्षी लिहून बसेल. शिवाय नावांचा घोटाळा आहेच. मराठीतली सुगरण ती उर्दूतली बया, आणि आपली साळुंकी म्हणजे मैना. एका गावाची यादी करणे एवढे अवघड, तर सगळ्या देशाची यादी किती अवघड असेल! हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंतच्या पक्ष्यांची अशी नोंद करण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले आणि पुरे केले, त्या डॉ. सालिम अलींची ही गोष्ट आहे.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, खेतवाडी भागातील एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना आपल्या घरी मायेने वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी भाच्याला एक छऱ्याची बंदूक आणून दिली. त्या काळी शिकार हा मोठ्या घरांतला नेहमीचा छंद होता. छोटा सालिमही चिमण्या मारू लागला.

पण इतर मुलांपेक्षा सालिमची एक गोष्ट वेगळी होती. तो जे पाही ते लिहून ठेवी. नऊ-दहा वर्षांचा असताना त्याने घरट्याजवळ बसलेला एक चिमणा मारला. थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर येऊन बसला. सालिमने तोही मारला, तर तिसरा आला. सात दिवसांत त्याने असे आठ नर टिपले आणि प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. आज हे वाचताना आपल्याला वाईट वाटते. परंतु या मुलाने ती हकीकत वहीत नीट टिपून ठेवली होती, म्हणून अनेक वर्षांनी पक्षिनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत ती छापता आली.

एके दिवशी सालिमने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ती खाणे योग्य की अयोग्य, अशी शंका त्याला आली. त्याने मामांना विचारले. मामांनाही सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास करीत असे. संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांच्या नावे मामांनी एक चिठ्ठी लिहून दिली. हे साल १९०८ च्या सुमाराचे.

हातात कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन तो मुलगा एका अनोळखी इंग्रज साहेबाच्या कचेरीत बिचकतच शिरला. मिलार्ड साहेबांनी त्याला प्रेमाने जवळ घेतले आणि त्या चिमणीचे नाव सांगितले. मग त्यांनी एकामागून एक कप्पे उघडून भारतातल्या निरनिराळ्या पक्ष्यांचे पेंढा भरलेले नमुने त्याला दाखवले. प्रत्येक नमुन्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली होती. तीवर पक्ष्याचे नाव, तो कोठे व कधी मिळाला, ही माहिती लिहिलेली होती. सालिम चकित होऊन पाहत राहिला. मिलार्डनी त्याला वाचायला पुस्तके दिली आणि नमुने कसे तयार करावेत, नोंदी कशा ठेवाव्यात, हेही शिकवले. एका चिमणीने त्या मुलापुढे आयुष्यभराची वाट उघडून दिली.

मुलांनो, तुम्हांला वाटेल की असा मुलगा शाळेत पहिला येत असेल. तसे झाले नाही. डोकेदुखीच्या आजारामुळे सालिमची शाळा वरचेवर बुडत असे. १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक झाला. कॉलेजात मन रमले नाही. तेव्हा घरच्यांनी त्याला ब्रह्मदेशात तव्हॉय येथे पाठवले. तेथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. व्यवसायापेक्षा भोवतालच्या दाट जंगलाकडेच त्याचे लक्ष अधिक असे. १९१७ साली सालिम अली मुंबईला परतले. तेथे ते व्यापारी शिक्षण घेऊ लागले. सेंट झेवियर्स कॉलेजच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांची खरी आवड ओळखली आणि प्राणिशास्त्राचाही अभ्यास करण्याचा आग्रह धरला. १९१८ साली तहमीना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी संस्थेत पक्षिशास्त्रज्ञाची जागा निघाली. सालिम अलींना ती हवी होती. पण त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. जागा मिळाली नाही. १९२६ साली त्यांना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी मिळाली. परंतु आपले ज्ञान अपुरे आहे, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे धडे घेतले. १९३० साली ते परत आले, तेव्हा पैशांच्या अभावी त्यांची जागाच रद्द झाली होती.

वय तेहतीस, पदवी नाही, नोकरी नाही. मुंबईतील खर्च परवडेना, म्हणून पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात राहायला गेले. दुसरा एखादा माणूस नशिबाला दोष देत बसला असता. सालिम अलींना घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत दिसली आणि ते रोज त्यांचे निरीक्षण करू लागले.

सुगरणीचे लोंबते घरटे तुम्हीही विहिरीकाठच्या बाभळीवर किंवा शिंदीच्या झाडावर पाहिले असेल. ते मादी विणते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. सालिम अली तासन्‌तास लपून बसत आणि कोणता पक्षी काय करतो ते लिहून काढत. त्यांना आढळले की घरटे नर विणतो. घरटे अर्धे झाले की माद्या येऊन त्याची पाहणी करतात. एखादीला ते पसंत पडले की ती तेथे बिऱ्हाड करते आणि नर उरलेले घरटे पुरे करतो. मादी अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसरी मादी आणतो! सुगरणीच्या संसाराची ही खरी रीत त्यांनी जगापुढे मांडली. त्यांचा हा लेख सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव शास्त्रज्ञांना माहीत झाले. बेकारीचा एक पावसाळा असा कारणी लागला.

आता सालिम अलींच्या मनात एक मोठे काम आकार घेऊ लागले. भारतातील पक्ष्यांच्या याद्या त्यांच्यापूर्वीही झाल्या होत्या. कर्नल साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली होती. जर्डन यांचे ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात निघाले. काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक असलेले ॲलन ह्यूम यांनी तर सिमल्याला हजारो पक्ष्यांचा संग्रह केला होता. भारतीय पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्याची त्यांची तयारी चालली होती. पण ते घरी नसताना त्यांची हस्तलिखिते कोणीतरी बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली! वर्षानुवर्षांची मेहनत पुड्या बांधण्यात गेली. पुढे आपला संग्रह ह्यूम यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

या जुन्या ग्रंथांत पक्ष्यांची नावे आणि वर्णने होती. पण देशाचे कितीतरी भाग कोणी नीट पाहिलेलेच नव्हते. जिवंत पक्षी कसा राहतो, काय खातो, कधी अंडी घालतो, याची माहितीही तुटपुंजी होती. सालिम अलींनी एक युक्ती काढली. पक्ष्यांची पाहणी मी विनावेतन करतो, प्रवासाचा आणि तळाचा खर्च तेवढा द्यावा, असे त्यांनी संस्थानांना कळवले. १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानची पाहणी झाली. आजचा मराठवाडा त्या वेळी याच संस्थानात होता. मग त्रावणकोर आणि कोचीन झाले. पुढे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी एकेक संस्थाने त्यांनी पायांखाली घातली. पहाटे उठून रानात जायचे, दिवसभर भटकायचे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात नोंदी पुऱ्या करायच्या, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. तारीख, ठिकाण, संख्या, आवाज, खाद्य, घरटे यांतले काहीही गाळायचे नाही आणि जे पाहिले नाही ते लिहायचे नाही, हा त्यांचा नियम होता.

अभ्यासासाठी त्यांनाही पक्षी मारून नमुने गोळा करावे लागले. दुर्बिणी आणि कॅमेरे आजच्यासारखे नव्हते. नमुना हाती आल्याशिवाय जात नक्की ठरवता येत नसे. पण उगाच पक्षी मारणे त्यांना मान्य नव्हते. जिवंत पक्षी त्याच्या घरी जाऊन पाहावा, याकडेच त्यांचा ओढा होता. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांच्या शिकारीला बंदी आहे, हे तुम्ही लक्षात ठेवा.

या भटकंतीत तहमीना बेगम त्यांच्याबरोबर असत. शहरात आणि परदेशात वाढलेल्या त्या बाईंनी रानातला तंबू आपले घर मानले. १९३९ साली एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सालिम अलींवर हा मोठा आघात होता. ते बहिणीच्या घरी राहू लागले आणि त्यांनी कामात स्वतःला बुडवून घेतले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. सामान्य माणसाला चित्र पाहून पक्षी ओळखता यावा, असे ते पुस्तक होते. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. कितीतरी माणसे ते हातात घेऊन प्रथमच आभाळाकडे पाहू लागली.

स्वातंत्र्यानंतर खरे मोठे काम सुरू झाले. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांनी १९६१ साली भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांची क्रमवार सूची प्रसिद्ध केली. ही सूची म्हणजे घराचा पाया होता. त्यावर सालिम अली आणि रिप्ले यांनी मिळून इमारत उभारली. भारत, पाकिस्तान, नेपाळ, भूतान, श्रीलंका या साऱ्या प्रदेशांतील बाराशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची माहिती त्यांनी दहा खंडांत दिली. पक्ष्याला ओळखावे कसे, तो कोठे राहतो, कोठून येतो आणि कोठे जातो, काय खातो, कसा ओरडतो, घरटे कसे बांधतो, हे सारे प्रत्येक जातीखाली क्रमाने सांगितले. पहिला खंड १९६८ साली आणि दहावा १९७४ साली निघाला. पहिला खंड निघाला तेव्हा सालिम अलींनी सत्तरी ओलांडली होती. देशांच्या सरहद्दी माणसांनी आखल्या. पाखरांना त्या ठाऊक नाहीत, म्हणून त्यांच्या नोंदवहीनेही त्या मानल्या नाहीत.

पाहुणे पक्षी येतात कोठून, हे शोधण्यासाठी १९५९ पासून सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत हलकी कडी अडकवण्याचे मोठे काम हाती घेतले. कड्यावर क्रमांक असे. असा पक्षी दूर देशी कोणाला सापडला आणि त्याने कळवले, म्हणजे पक्ष्याचा मार्ग समजे. या कामाची सूत्रे सालिम अलींकडे होती. राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीत अशी हजारो पाखरे त्यांच्या चमूने पकडून, कडे अडकवून पुन्हा सोडून दिली.

मुलांनो, एवढ्या नोंदी ठेवून काय मिळते, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर भरतपूरनेच दिले. पूर्वी ती महाराजांची शिकारीची जागा होती. स्वातंत्र्यानंतर ती पाणथळ शेतीसाठी द्यावी, अशी मागणी होऊ लागली. तेथे कोणते पक्षी किती संख्येने येतात, हे सालिम अलींना पुराव्यासह सांगता आले. त्यांनी पंडित नेहरूंपर्यंत दाद मागितली आणि ती जागा वाचली. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली बुडणार होते. ते वाचवण्यासाठी झटणाऱ्यांतही ते होते. १९८४ साली ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. आपल्या माळरानांवरचा माळढोक झपाट्याने कमी होत आहे, हेही त्यांनी वेळीच बजावले होते. पूर्वी किती होते याची नोंद असेल, तरच आज किती घटले हे कळते. ज्याची नोंद नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाला पत्ता लागत नाही.

पदवी नसल्यामुळे ज्यांना नोकरी नाकारली गेली होती, त्यांना अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ साली सन्मान्य डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण हे किताब मिळाले. १९७६ सालीच निसर्गरक्षणाचा एक मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्याची रक्कम त्यांनी सोसायटीच्या निसर्गरक्षण निधीला दिली. १९८५ साली ते राज्यसभेचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातही त्यांनी चिमणीची आठवण ठेवली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्यातील चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्याला त्यांचे नाव दिलेले आहे. २०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सालिम अलींचा जन्मदिवस.

नोंदीचे हे काम त्यांच्यानंतरही थांबलेले नाही. ज्या झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात त्यांना जागा मिळाली नव्हती, त्याच संस्थेने ३० जून २०२४ रोजी भारतातील सर्व प्राण्यांची सूची संगणकावर सर्वांसाठी खुली केली. कीटक, मासे, साप, पक्षी, सस्तन प्राणी अशा १,०४,५६१ जातींची नावे तीत आहेत. एवढी प्रचंड सूची कोणा एका माणसाने केलेली नाही. दोनशे वर्षांत हजारो माणसांनी रानावनांत हिंडून एकेक नोंद केली, तेव्हा ती तयार झाली. त्यांतल्या कित्येकांची नावेही आपल्याला माहीत नाहीत.

अशी नोंद तुम्हीही करू शकता. त्यासाठी बंदूक नको आणि पदवीही नको. एक वही, थोडी चिकाटी आणि खरे तेवढेच लिहिण्याचा प्रामाणिकपणा एवढे पुरे. उद्या सकाळी शाळेच्या वाटेवर एखादे अनोळखी पाखरू दिसले, तर क्षणभर थांबा. त्याचा रंग, चोच आणि चाल नीट पाहा, आणि तारीख व ठिकाण लिहून ठेवा.

शब्दार्थ

नोंद – लिहून ठेवलेली माहिती, इंदराज. सूची – यादी, फेहरिस्त. निरीक्षण – बारकाईने पाहणे, मुशाहिदा. चिकाटी – न कंटाळता काम करत राहणे, इस्तिकलाल. पोरका – आईवडील नसलेला, यतीम. तुटपुंजी – अगदी थोडी, नाकाफी. आघात – मोठे दुःख, सदमा. पायांखाली घालणे – सगळीकडे हिंडून पाहणे. कारणी लागणे – चांगल्या कामी येणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सालिम अलींनी मारलेल्या चिमणीत वेगळे काय होते?
(आ) किहीम येथे त्यांनी कोणत्या पक्ष्याचे निरीक्षण केले?
(इ) ॲलन ह्यूम यांच्या हस्तलिखितांचे काय झाले?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गावातील पक्ष्यांची यादी करताना कोणत्या अडचणी येतात?
(आ) सुगरण पक्ष्याविषयी सालिम अलींना काय आढळले?
(इ) पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्याचा भरतपूरला काय उपयोग झाला?

३. खालील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
चिकाटी, कारणी लागणे, पायांखाली घालणे.

४. उपक्रम : आपल्या परिसरातील दहा पक्ष्यांची मराठी आणि उर्दू नावे मिळवा. प्रत्येक पक्षी कोठे व कोणत्या तारखेला दिसला, ते वहीत लिहा.